लॅपटॉपवर सगळं पास, रात्री जेनकिन्सवर फेल. सेलेनियम सोडून प्लेराइटवर जायचं का?

महापेची_टेस्टर (सोमवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलचक झालीये पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, गुरुवारी मॅनेजरला उत्तर द्यायचंय आणि ऑफिसात विचारायला कोणी नाही.

मी महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. आमचं प्रॉडक्ट म्हणजे हौसिंग सोसायट्यांसाठी वेब ॲप, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, भाडेकरूंच्या नोंदी, सगळं मराठी आणि इंग्लिश दोन्हीत. ७ वर्षं मी मॅन्युअल टेस्टिंग केलं, दर रिलीजला तीच चेकलिस्ट, तेच फ्लॅट नंबर, तीच बिलं, रविवारीसुद्धा. मग ठरवलं की शिकायचंच, ठाणे-कोपरखैरणे लोकलमध्ये जाता-येता व्हिडिओ बघत जावा शिकले, सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल) शिकले, दीड वर्षात मी आणि एका ज्युनियरने मिळून १८० टेस्ट लिहिल्या. मला त्यांचा खरंच अभिमान आहे म्हणून हे सगळं जास्त लागतंय.

तर प्रॉब्लेम असा. माझ्या लॅपटॉपवर १८० च्या १८० पास, फार तर एखादी इकडेतिकडे. रात्री २ वाजता जेनकिन्सवर (ठरल्या वेळी टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमसाठीची वेगळी बंदिस्त जागा) हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवणाऱ्या, क्रोमवर रन लागते, तिथे रोज २०-२५ फेल. सकाळी साडेनऊला येऊन त्याच फेल झालेल्या तिथेच, जेनकिन्सवरच, परत चालवल्या की निम्म्याहून जास्त पास होतात!! कोड तोच, मशीन तेच, मी हात पण लावलेला नसतो. आणि महिन्याच्या १ तारखेला तर ४० च्या वर जातात, का ते देव जाणे.

एरर चार प्रकारचे येतात. एक, पावतीची तारीख जुळत नाही. दोन, क्लिक इंटरसेप्टेड, म्हणजे बटणावर दुसरंच काहीतरी आलंय. तीन, स्टेल एलिमेंट, म्हणजे आधी शोधलेला पानावरचा भाग आता तिथे नाही. आणि चौथा सगळ्यात विचित्र, "भाडेकऱ्यांची यादी" हा मजकूर हवा होता आणि "भाडेकऱ्यांची यादी" मिळाला म्हणून फेल. दोन्ही अगदी सेम दिसतात, मी अक्षर अक्षर लावून बघितलं.

मी आतापर्यंत काय केलं तर थ्रेड स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) ३ सेकंदांचे ५ केले, ५ चे ८ केले, इम्प्लिसिट वेट (एलिमेंट सापडेपर्यंत जास्तीत जास्त किती थांबायचं) २० सेकंद टाकला, फेल झाली की दोनदा आपोआप परत चालवायची असंही लावलं. आता पूर्ण रनला ३ तास १० मिनिटं लागतात आणि फेल तेवढ्याच. डेव्हलपर लोक रिपोर्ट उघडतच नाहीत, म्हणतात हे ऑटोमेशनचं आहे आपलं नाही. मॅनेजर म्हणाले सेलेनियम जुनं झालं, दोन महिन्यांत सगळं प्लेराइटवर (त्याच कामाचं नवं टूल) न्या. न्यायचं का? तुम्ही असता तर काय केलं असतं?

घणसोली_ऑटोमेशन (सोमवार, रात्री ११:३५)

न्या बिनधास्त. आम्ही गेल्या वर्षी नेलं. प्लेराइटमध्ये क्लिक करण्याआधी ते स्वतःच बघतं की एलिमेंट दिसतोय का, हलायचा थांबलाय का, इनेबल आहे का, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाहीये ना, आणि मगच क्लिक करतं. तुमचा क्लिक इंटरसेप्टेडवाला त्रास बराचसा तिथेच संपेल. जावातही आहे, जावास्क्रिप्टच शिकायला पाहिजे असं नाही. शिवाय ट्रेस मिळतो, टेस्ट फेल झाली की प्रत्येक स्टेपला स्क्रीनवर काय होतं ते मागेपुढे करून बघता येतं, तो ट्रेस डेव्हलपरला पाठवला की "माझ्याकडे चालतंय" म्हणायची सोय राहत नाही.

वाशी_सेक्टर१७ (मंगळवार, सकाळी ७:०५)

ताई, टूल बदलायचं का नाही ते नंतर ठरवा. तुमच्या पोस्टमध्येच तुमचं अर्धं उत्तर आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

रात्री २ ला फेल, सकाळी साडेनऊला पास, लॅपटॉपवर कधीच नाही, आणि १ तारखेला सगळ्यात जास्त. हे मी सेलेनियमच्या जुन्या आरसी व्हर्जनच्या जमान्यापासून इतक्या वेळा बघितलंय की वाचताच कळलं. तुमचा डॉकर कंटेनर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतोय. काही सांगितलं नाही तर बहुतेक इमेज (कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) यूटीसीवरच असतात. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्री १२ वाजले की तारीख बदलते पण कंटेनरमध्ये ती पहाटे साडेपाचला बदलते. त्या साडेपाच तासांत कंटेनर कालच्या तारखेतच असतो. तुमची रन २ ला सुरू होते, ५:१० ला संपते, म्हणजे अख्खीच्या अख्खी नेमकी त्याच वेळात! सर्व्हर तुमचा बहुधा भारतीय वेळेवर असणार, तो पावतीवर आजची तारीख टाकतो आणि तुमची टेस्ट जावाच्या लोकलडेट डॉट नाऊ ला विचारते, ती सांगते काल. साडेनऊला यूटीसीचे पहाटे ४ वाजलेले असतात, तारीख एकच, पास. आणि १ तारखेला पहाटे काल म्हणजे मागचा महिना, त्यामुळे नुसती तारीख नाही तर बिलाचा महिना, व्याजाचा कालावधी, सगळंच चुकतं. म्हणून ४०.

आता दुरुस्त करताना घाई करू नका. कोणीतरी सांगेल की कंटेनरला टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबल एशिया-कोलकाता द्या, एका ओळीत संपलं. संपेल खरं, पण माझं ऐका, आत्ता ते करू नका. आधी फक्त टेस्टच्या कोडमध्ये जिथे जिथे नाऊ वापरलंय तिथे झोन स्पष्ट लिहा, एशिया-कोलकाता. ब्राउझर राहू दे यूटीसीवरच. मग रन करा आणि बघा तारखेच्या किती उरतात. उरलेल्या किंवा नव्याने फेल झालेल्या कोणत्या ते मला सांगा, त्या महत्त्वाच्या आहेत.

दुसरं, वेटचं. इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक गोष्टीसाठी थांबणारा) वेट एकत्र वापरू नका, सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तशी ताकीद आहे, दोघांची मिळून किती वेळ वाट बघितली जाईल याचा भरवसा राहत नाही. इम्प्लिसिट पूर्ण काढून टाका, तो मुळात शून्यच असतो. आणि थ्रेड स्लीप म्हणजे स्टेशनवर गाडी न बघता घड्याळ बघून रुळात पाऊल टाकण्यासारखं आहे. रोज ५ मिनिटांत येते म्हणून आजही आली असेल असं धरून चालायचं का? ८ सेकंद थांबलात आणि पान १ सेकंदात आलं तर ७ वाया गेले, नवव्या सेकंदाला आलं तर फेल. १८० टेस्टमध्ये असे किती स्लीप आहेत ते मोजा, तुमचे ३ तास तिथेच सापडतील.

वाट बघायची ती वेळेची नाही, घडलेल्या गोष्टीची. पण कोणत्या गोष्टीची, यातच खरी मेख आहे. बरेच लोक लिहितात की गोल फिरणारा स्पिनर नाहीसा होईपर्यंत थांब. दिसायला बरोबर आहे, पण सेव्ह दाबल्यावर स्पिनर यायलाच पाव सेकंद लागतो, तुमची टेस्ट त्याच्या आधी बघते, स्पिनर नाहीच, म्हणजे झालं असं समजून पुढे पळते आणि पुढच्या क्लिकच्या वेळी स्पिनर डोक्यावर बसलेला असतो. हाच तुमचा क्लिक इंटरसेप्टेड. एलिमेंट टू बी क्लिकेबल ही अट सुद्धा एवढंच बघते की बटण दिसतंय आणि इनेबल आहे, त्यावर पडदा आहे का ते बघत नाही. म्हणून स्पिनर जाण्याची वाट बघू नका, जे यायला हवंय त्याची बघा. पावती नंबर दिसला का, एकूण रक्कम आली का, टेबलात नवीन ओळ आली का. हाताने टेस्ट करताना तुमची नजर जिथे जायची ना, तिथेच थांबायला शिकवा तिला. ७ वर्षं हाताने केलंय तुम्ही, पावती झाली हे कशावरून ओळखायचं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार.

स्टेल एलिमेंट तर सोपं आहे. टेबल एकदा शोधून व्हेरिएबलमध्ये ठेवता, मध्ये स्क्रीन परत रंगते, जुना एलिमेंट गेलेला असतो, तुम्ही त्यालाच हाक मारत बसता. साठवू नका, दरवेळी नव्याने शोधा.

ठाणेपूर्व_डेव्ह (मंगळवार, दुपारी १:२०)

डेव्हलपर आहे, दुसऱ्या बाजूने बोलतो. आधी चौथा एरर, कारण तो बघून मला माझेच जुने दिवस आठवले.

"भाडेकऱ्यांची" मधला जो ऱ्या आहे तो दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (खाली टिंब असलेला र) मग हलंत मग य. दुसरा, साधा र मग हलंत मग झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्याला न दिसणारं एक कॅरेक्टर, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. भाषांतराच्या फाइलमध्ये एकाने एका कीबोर्डवरून टाइप केलं, तुम्ही टेस्टमध्ये दुसऱ्यावरून, बस, आयुष्यात जुळणार नाही. युनिकोड नॉर्मलाइझ करून घ्यावं असं वाटेल, पण जॉइनरवालं त्याने जात नाही, मी करून बघितलंय. दोन्ही स्ट्रिंगची लांबी प्रिंट करा, लगेच कळेल. दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्या, व्यापाऱ्यांचे, जिथे जिथे ऱ्या तिथे तिथे हे निघू शकतं.

उपाय म्हणजे मराठी मजकूर टेस्टमध्ये हाताने टाइपच करू नका. ॲप ज्या भाषांतराच्या फाइलमधून मजकूर घेतं तीच फाइल टेस्टने वाचायची, की एकच, मजकूर एकच. आणि एलिमेंट शोधण्यासाठी तर मजकूर मुळीच नको, तुमचं ॲप दोन भाषांत आहे, उद्या कोणी "यादी" चं "सूची" केलं की १० टेस्ट झोपतील.

तेवढ्यात आकड्यांचंही बघून घ्या. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रांताची सेटिंग) दिलं की तो आकडे आपोआप देवनागरीत छापतो, १,२५,००० असं, आणि टेस्टमध्ये तुम्ही इंग्रजी आकडे लिहिले असतील तर फेल. पावतीवर इंग्रजी आकडेच हवे असं तुमच्या क्लायंटचं म्हणणं असेल तर डेव्हलपरला सांगा, लोकेलच्या कोडला यू-एनयू-एलएटीएन जोडलं की लाख-हजाराचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने राहतात आणि आकडे इंग्रजी येतात.

आता आमच्या लोकांबद्दल. तुमचे डेव्हलपर रिपोर्ट उघडत नाहीत ते चूक आहे, पण रोज २५ लाल दिसले तर मीही उघडणार नाही, कारण त्यातला खरा कोणता ते मला कसं कळणार? आधी त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या. प्रत्येक बटणाला, फील्डला, टेबलाच्या ओळीला डेटा-टेस्टआयडी (टेस्टसाठीची कायमची ओळखखूण) लावायला सांगा. एका मॉड्यूलला अर्धा दिवस लागतो, जास्त नाही. नाहीतर ब्राउझरमधून कॉपी केलेला अख्खा एक्सपाथ (एलिमेंटचा पानातला पत्ता) तुम्ही वापरत असणार, डिव मग तिसरा डिव मग दुसरा डिव, आम्ही मध्ये एक बॅनर टाकला की तुमचे सगळे डिव एकाने सरकले. मी माझ्या टीममध्ये हे मागितल्याशिवाय मिळालं नव्हतं आणि मागितल्यावर कोणी नाही म्हणालं नाही.

महापेची_टेस्टर (मंगळवार, रात्री १०:४८)

लांबी प्रिंट केली. एक १७, एक १८!!! तीन आठवडे मी त्या एका ओळीवर घालवलेत. ठाणेपूर्व, तुम्हाला काय सांगू, खरंच थँक यू.

आणि वाशीवाले सर, कंटेनरमध्ये जाऊन डेट कमांड मारली, यूटीसी. तुम्ही म्हणालात तसंच. ४१ ठिकाणी नाऊ वापरलंय, सगळीकडे झोन टाकतेय, आज रात्रीच्या रनला लागेल. स्लीप मोजले, ६१२ आहेत. आकडा बघून मी जरा वेळ गप्पच बसले. प्रत्येक टेस्टमध्ये लॉगिन पण यूआयमधूनच (स्क्रीनवरूनच) होतं, त्यातच ३ स्लीप.

खारघर_क्यूए (बुधवार, सकाळी ९:१५)

सगळ्यांनी छान सांगितलंय, मला फक्त त्या "दोनदा आपोआप परत चालवायची" याबद्दल बोलायचंय कारण तिथे मी पोळलेय.

माझ्या आधीच्या कंपनीत पेमेंटचं काम होतं. एक टेस्ट होती, दहातून एकदा फेल व्हायची, यादीत एक एंट्री अपेक्षित आणि दोन मिळाल्या. रिट्राय लावलेला असल्यामुळे दुसऱ्या वेळी पास, रिपोर्ट हिरवा, कोणी बघायचं नाही, मीही बघितलं नाही. पाच महिन्यांनी ग्राहकांचे फोन सुरू झाले की पैसे दोनदा कापले. नेट स्लो असताना बटण पटकन डिसेबल व्हायचं नाही आणि दुसरा क्लिक गेला की दोन व्यवहार. ती टेस्ट पाच महिने आम्हाला हेच सांगत होती हो. ज्यांचे पैसे अडकले त्यात एक आजोबा होते, पेन्शनवर जगणारे, त्यांचा फोन मीच घेतला होता, तो आवाज अजून आठवतो.

म्हणून माझं म्हणणं, रिट्राय आजच्या आज काढा. फारच अडचण असेल तर ठेवा पण रिट्रायने पास झालेल्यांची वेगळी यादी काढा आणि रोज सकाळी चहाच्या आधी ती बघा. जी टेस्ट कधी पास कधी फेल तिला मुख्य रनमधून बाजूला काढून वेगळ्या ग्रुपमध्ये टाका, तिच्यापुढे कोणाचं तरी नाव लिहा, कारण सापडेपर्यंत ती बाहेरच. हिरवं म्हणजे हिरवं आणि लाल म्हणजे लाल हे एकदा सगळ्यांना पटलं की डेव्हलपर आपोआप रिपोर्ट उघडतात.

अजून एक, डेटा. दोन टेस्ट एकाच फ्लॅटवर काम करतात का? एकीने ए-१०२ चं बिल भरलं आणि दुसरीला त्याच ए-१०२ ची थकबाकी हवी होती, मग कोण आधी धावली त्यावर निकाल. प्रत्येक टेस्टने आपली सोसायटी, आपला फ्लॅट स्वतः तयार करून घ्यावा, यूआयमधून नाही तर एपीआयने, म्हणजे स्क्रीन न उघडता थेट सर्व्हरला सांगून, दोन सेकंदांचं काम असतं.

आणि व्याजाचा हिशोब तुम्ही ब्राउझरमधून तपासता का? किती टेस्ट? ते सगळं खाली युनिट टेस्टमध्ये (ब्राउझरशिवाय थेट कोड तपासणाऱ्या टेस्ट) जायला हवं, तिथे शंभर केस एका सेकंदात होतात. ब्राउझरमध्ये एकच ठेवा, की व्याज स्क्रीनवर योग्य जागी दिसतंय.

घणसोली_ऑटोमेशन (बुधवार, दुपारी २:३०)

वाशीकर सरांचं वाचून परत आलो. मी परवा घाईत लिहिलं, सुधारून सांगतो. आमच्याकडे प्लेराइटवर गेल्यावर फेल कमी झाले हे खरं आहे, पण आता मागे वळून बघतो तर आम्ही नेताना प्रत्येक टेस्ट नव्याने विचार करून लिहिली, स्लीप काढले, डेटा वेगळा केला, त्याचाही वाटा त्यात तेवढाच होता. टाइमझोन आणि ऱ्या हे दोन्ही प्रॉब्लेम प्लेराइटमध्येही तसेच्या तसे आले असते. आणि तिथेही वेट फॉर टाइमआउट नावाचा स्लीप आहेच, लोक वापरतातही.

त्यामुळे १८० टेस्ट दोन महिन्यांत उचलून नेऊ नका, आहेत त्याच चुका नव्या टूलमध्ये जातील. नवीन मॉड्यूल येत असेल तर ते प्लेराइटमध्ये लिहा, जुन्या आहेत तिथेच दुरुस्त करा, सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळेल. सेलेनियम जुनं आहे, २००४ पासून आहे, पण टाकाऊ नाही, त्याचा वेबड्रायव्हर (ब्राउझरला सूचना द्यायची पद्धत) २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आहे. ४.६ व्हर्जनपासून तर ड्रायव्हरही स्वतःच शोधून आणतं, क्रोम अपडेट झालं की सकाळी सगळं बंद हा प्रकार पण गेला. प्लेराइट मला जास्त आवडतं, पण मॅनेजरला "जुनं आहे म्हणून" एवढंच कारण पुरेसं वाटत असेल तर ते बरोबर नाही.

हेडलेसमध्ये विंडोचा साइज देताय ना? नाही दिला तर खिडकी छोटी उघडते, मोबाइलवाला मेनू येतो आणि बटणं आत लपतात. आणि डॉकरमध्ये शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच असते, मोठं पान आलं की क्रोमचा टॅब मध्येच मरतो. ती वाढवा किंवा क्रोमला डिसेबल-डेव्ह-एसएचएम-युसेज द्या.

वाशी_सेक्टर१७ (बुधवार, रात्री ९:४०)

ताई, कालची रन कशी झाली? तारखेच्या किती उरल्या?

महापेची_टेस्टर (गुरुवार, सकाळी ८:२०, लोकलमधून)

१३ होत्या, त्या सगळ्या गेल्या, पण आधी पास होणाऱ्या २ आता फेल. दोन्ही "ऑनलाइन पेमेंट" स्क्रीनच्या. पावतीवर कालचीच तारीख येतेय, टेस्ट आता आजची मागतेय.

वाशी_सेक्टर१७ (गुरुवार, सकाळी ८:३२)

याच हव्या होत्या. आता तुमची टेस्ट बरोबर आहे आणि ॲप चुकतंय. त्या स्क्रीनवर पेमेंटची तारीख सर्व्हर ठरवत नाहीये, ब्राउझर ठरवतोय, आणि सर्व्हर ती गपचूप मान्य करतोय. कंटेनरला टीझेड दिला असता तर ब्राउझरही भारतीय वेळेवर गेला असता, दोन्ही टेस्ट हिरव्याच राहिल्या असत्या आणि हे कायमचं झाकलं गेलं असतं. म्हणून म्हटलं होतं थांबा.

डेव्हलपरला असं समजावून सांगा. सोसायटीतल्या एका फ्लॅटचा मालक सिडनीला आहे. बिलाची शेवटची तारीख १५. इथे १५ ची संध्याकाळ, साडेआठ वाजलेत, तिथे मध्यरात्र उलटून १६ लागलीय. तो आत्ता पैसे भरतो, आपल्या हिशोबाने वेळेत, पण पावतीवर १६ तारीख आणि त्यावर व्याज. आणि अमेरिकेतल्या माणसाचं उलटं, तो उशिरा भरेल आणि कालची तारीख पडून सुटेल. ऐरोली, घणसोली, घोडबंदर, कुठल्याही सोसायटीत परदेशात राहणारे मालक असतातच, लांब जायला नको.

महापेची_टेस्टर (पुढच्या आठवड्यात शनिवार, सकाळी ११:०५)

मंडळी, सांगायचं राहिलं होतं, नऊ दिवस श्वास घ्यायला वेळ नव्हता.

त्या गुरुवारी मीटिंगमध्ये मी प्लेराइटबद्दल बोललेच नाही आधी, सिडनीवाली गोष्ट सांगितली आणि दोन टेस्ट लावून दाखवल्या. आमचे सिनियर डेव्हलपर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग त्यांनी लॅपटॉपची वेळ सिडनीची केली, स्वतः पैसे भरून बघितले, पावती बघितली, आणि तिथेच बग नोंदवला. सपोर्टवाल्यांनी मागच्या तक्रारी काढल्या तर दोन सोसायट्यांनी "वेळेत भरूनही व्याज लागलं" असं कळवलेलं होतं, आम्ही त्यांना कळवलं होतं की तपासलं, हिशोब बरोबर आहे. त्या दोघांना आता व्याज परत जमा करून दिलंय. आता तारीख सर्व्हरच टाकतो. आणि सिडनीची वेळ लावून चालणारी एक टेस्ट कायमची ठेवलीये, क्रोमच्या डेव्हटूल्समधून टाइमझोन बदलून.

इतके महिने हा बग रात्रीच्या रनमध्येच लपलेला होता आणि मी नुसते स्लीप वाढवत होते, हे मनातून जात नाहीये.

स्लीप ६१२ पैकी ३४० काढले. इम्प्लिसिट वेट गेला, रिट्राय गेला. व्याजाच्या २६ टेस्ट होत्या, त्या ज्युनियर आणि एक डेव्हलपर मिळून खाली युनिटमध्ये नेतायत, ब्राउझरमध्ये २ राहतील. रन ३ तास १० मिनिटांवरून १ तास २५ वर आलीये. काल रात्री १ तारखेचीच रन होती, मी गजर लावून पहाटे उठून फोनवर बघितली. ५ फेल. त्यातल्या ३ डेटाच्या, दोघी एकाच फ्लॅटवर वगैरे, खारघर ताईंनी सांगितलं तेच. २ अजून कळलेल्या नाहीत, त्या बाजूच्या ग्रुपमध्ये टाकल्यात, पुढे माझं नाव.

टेस्टआयडी बिलिंग मॉड्यूलला लागले, बाकीच्यांना या महिन्यात. मॅनेजर म्हणाले व्हिजिटर एंट्रीचं नवीन मॉड्यूल येतंय ते प्लेराइटमध्ये करून बघू, जुनं राहू दे.

आता एकच अडलंय. लॉगिन प्रत्येक टेस्टमध्ये यूआयमधून न करता एपीआयने टोकन घेऊन सेशनची कुकी (लॉगिन झाल्याची खूण) सेलेनियममध्ये टाकायचा प्रयत्न करतेय, तर इनव्हॅलिड कुकी डोमेन येतं. कुकी बरोबर आहे, नाव, व्हॅल्यू सगळं तपासलं.

घणसोली_ऑटोमेशन (शनिवार, सकाळी ११:१८)

ब्राउझर उघडल्या उघडल्या टाकताय का? तेव्हा तो रिकाम्या पानावर असतो, तिथे तुमच्या डोमेनची कुकी बसत नाही. आधी तुमच्याच साइटचं एखादं हलकं पान उघडा, फेव्हिकॉन किंवा चारशेचारचं पान पण चालतं, मग कुकी टाका, मग डॅशबोर्डला जा.

महापेची_टेस्टर (शनिवार, सकाळी ११:४१)

चाललं! एका टेस्टचे ९ सेकंद वाचले. आता बाकीच्यांना लावते.